मीठ, मासा आणि चित्रकार आरा

मुळशीत वीकेंडला येणारे कितीतरी जण पिठलं-भाकरीचा फोटो टाकतातच. आज अशाच साध्या जेवणाची गोष्ट, पण मोबाइलवरची नाही, कॅनव्हासवरची.

टेबलावर मांडलेल्या वस्तूंचं चित्र म्हणजे स्थिरचित्र, आपण स्टिल लाइफ म्हणतो ते. युरोपात अशी चित्रं बऱ्याचदा श्रीमंतांच्या भिंतींसाठी असायची. चांदीची भांडी, महागडी फळं, शिकार. मग विसाव्या शतकात एक्स्प्रेशनिस्ट चित्रकार आले. त्यांचं म्हणणं सोपं होतं: वस्तू दिसते तशी नाही, आतून जाणवते तशी रंगवा. सूटीन नावाच्या चित्रकाराने पॅरिसमध्ये गरिबीचे दिवस काढले. त्याने १९१६ च्या सुमारास ताटलीतले हेरिंग मासे रंगवले. हेरिंग म्हणजे तिकडच्या गरिबाचा बांगडाच समजा. सोबत दोन काटे, माशांकडे झेपावणाऱ्या हातांसारखे. चित्रात माणूस नाही, पण भूक आहे!

आता मुंबईत या. १९४७ साल. सहा तरुण प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढतात. त्यातले फ्रान्सिस न्यूटन सूझा मूळचे गोव्यातल्या साळगावचे. त्यांच्या स्थिरचित्रांत मासे येतात, पाव येतो, चर्चमधली भांडीही येतात, सगळं जाड काळ्या रेषांत. घरात रोजचा असलेला पाव चर्चमध्ये ख्रिस्ताचं शरीर होतो. सूझांच्या चित्रांत जेवणाचं टेबल आणि चर्चची वेदी एकच होऊन जातात, असं मला वाटतं.

पण या सहा जणांत मला जास्त भिडतात ते के. एच. आरा. जन्म १९१४, सिकंदराबादजवळच्या बोलारमचा. सातव्या वर्षी घर सोडून मुंबईत आले. गाड्या धुतल्या, लोकांच्या घरी गडी म्हणून राबले. मिठाच्या सत्याग्रहात भाग घेऊन तुरुंगातही गेले. चिमूटभर मिठासाठी तुरुंग! ताटातल्या गोष्टीमागे केवढं राजकारण असतं, हे मुळशीकरांना वेगळं सांगायला नको. १९२१ मध्ये सेनापती बापटांसोबत इथले शेतकरी धरणाविरुद्ध उभे राहिले, ते आपली भातखाचरं वाचवण्यासाठीच.

आरांचं चित्र हेरलं ते रूडी फॉन लेडन या जर्मन समीक्षकाने. व्हिएन्नाहून आलेले चित्रकार लँगहॅमरही पाठीशी राहिले. हिटलरच्या काळात युरोप सोडून आलेल्या अशा मंडळींमुळे तिकडची नवी कला मुंबईच्या पोरांपर्यंत पोचली. आरांचं पहिलं एकल प्रदर्शन भरलं. कुठे? चेतना रेस्टॉरंटमध्ये!

पुढे आरांची ओळखच स्थिरचित्रांमुळे झाली. फळं, फुलं, मडकी, ठसठशीत रंगांत. यातलं मोठेपण कशात आहे? ज्याने दुसऱ्यांच्या घरात राबून पोट भरलं, त्याच माणसाने आता स्वतःच्या मनासारखं टेबल मांडलं. कुठलं फळ कुठे ठेवायचं, हे सांगणारा मालक आता कुणीच नव्हता.

आरा १९८५ मध्ये गेले. मुंबईत एखाद्या गॅलरीत त्यांचं चित्र दिसलं, तर नुसतं ‘छान आहे’ म्हणून पुढे जाऊ नका. हे टेबल कुणी मांडलंय, ते आठवा.