तूर, रुबी आणि ब्राउझरची परीक्षा

बदनापूर म्हटले की शेतकऱ्याला तूर आठवते. इथल्या कृषी संशोधन केंद्राचे 'बीडीएन ७११' हे पांढऱ्या तुरीचे वाण मराठवाड्यात परिचित आहे. वाण तयार झाले की लगेच शेतकऱ्याच्या हाती देत नाहीत. ठिकठिकाणच्या मातीत, वेगवेगळ्या हंगामांत लावून पाहतात. मगच शिफारस होते. संगणकाच्या जगाला हे शहाणपण जरा उशिराच सुचले.

२००८ मध्ये भाच्याचा प्रवेश अर्ज भरायला मी बदनापूरच्या एका नेट कॅफेत बसलो होतो. शेवटचा दिवस. सगळे रकाने भरून बटण दाबले, पण पान ढिम्म हलेना. ते फक्त इंटरनेट एक्सप्लोररवर चालत होते आणि आम्ही फायरफॉक्स उघडला होता. दुसरा ब्राउझर घेऊन पुन्हा पहिल्यापासून भरेपर्यंत वीज गेली. पोराचे वर्ष वाया गेले.

तेव्हा पाने तपासण्याचे काम बहुतेक ठिकाणी माणसेच करीत. प्रोग्राममध्ये एक ओळ बदलली की तीच बटणे पुन्हा दाबायची. कंटाळलेला माणूस चार बटणे गाळणारच! या कटकटीवर २००४ मध्ये शिकागोत थॉटवर्क्स कंपनीच्या जेसन हगिन्स यांनी उपाय काढला. ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या त्या साधनाचे नाव सेलेनियम. तेव्हाच्या प्रतिस्पर्धी कंपनीचे नाव मर्क्युरी, म्हणजे पारा. आणि पाऱ्याच्या विषबाधेवर सेलेनियम हा उतारा, अशी ती थट्टा होती.

याच सुमारास रुबी ही भाषा लोकप्रिय होत होती. जपानच्या युकिहिरो मात्सुमोतो यांनी ती १९९५ मध्ये जगापुढे आणली. ब्रेट पेटिकॉर्ड आणि पॉल रॉजर्स यांनी रुबीत 'वाटिर' केले. सुरुवातीला ते एक्सप्लोररपुरतेच होते. २००९ मध्ये योनास निक्लास यांचे 'कॅपिबारा' आले. त्यात 'या पानावर जा, हा रकाना भर, हे बटण दाब, अमुक मजकूर दिसतो का पाहा' असे जवळपास बोलल्यासारखे लिहिता येते. मागे सेलेनियम खरा ब्राउझर उघडून ते करून दाखवते. रेल्सच्या ५.१ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, ही जोडणी सोबतच मिळते. ब्राउझर चालवण्याची ही पद्धत २०१८ मध्ये जागतिक मानकही झाली.

महाराष्ट्राचाही यात वाटा आहे. २०११ मध्ये मुंबईत रितेश अरोरा आणि नकुल अग्रवाल यांनी ब्राउझरस्टॅक सुरू केले. नाना ब्राउझर आणि मोबाइल त्यांच्याकडे तयार असतात. जगभरातले प्रोग्रामर आपली पाने त्यांवर तपासून घेतात. म्हणजे तुरीच्या त्या ठिकठिकाणच्या चाचण्याच की!

पण यंत्र सांगितले तेवढेच तपासते. अर्ध्यात वीज गेली तर भरलेले रकाने टिकतात का, ही परीक्षा कोणीतरी लिहावी लागते. ती लिहिणाऱ्याने बदनापूरच्या त्या कॅफेत एकदा तरी बसलेले असावे.