फुकटचा गेम महाग पडला!

दिवाळीत नातवानं पाच हजारांचा व्हिडिओ गेम मागितला. "आजोबा, पप्पांच्या वेळी स्वस्त होते म्हणं!" मी हिशेब मांडला.

१९८३ साली जपानमध्ये निन्टेंडोचा 'फॅमिकॉम' हा गेम खेळायचा सेट आला. १९८५ साली त्यावर 'सुपर मारिओ'. १९९० च्या सुमारास अमेरिकेत एका कॅसेटला साधारण पन्नास डॉलर पडत. महागाई धरली तर आजचे शंभरावर. आज तिथं मोठा नवा गेम सत्तर डॉलरला मिळतो. म्हणजे भाव उतरलाच की!

आपल्याकडं मात्र त्याच्या नकलाच आल्या. आपली सोसायटी नवी होती तेव्हा बी विंगमध्ये असा एकच सेट होता. कॅसेटवर लिहिलेलं '९९९९ इन १', आत तेच चार-सहा गेम फिरून फिरून. फसवणूकच, पण एकदाच पैसे मोजले की विषय संपला. सात पोरं ओळीनं बसायची. एक 'आऊट' झाला की रिमोट पुढच्याकडं.

आता मोबाईलवरचे गेम फुकट. मागच्या वर्षी याच नातवानं आज्जीच्या फोनवरून एकोणपन्नास-एकोणपन्नास करत गेममधले कपडे नि बंदुका घेतल्या. बँकेचे मेसेज मोजले, तर साडेतीन हजार! आज्जी पेन्शनचं पासबुक घेऊन गप्प बसली होती.

तेव्हापासून मला वाटतं, भाव कमी की जास्त यापेक्षा तो आधी कळतो का, हे बघावं. पाच हजारांचा गेम घेतला. अट एकच: बी विंगच्या पोरांनी मिळून खेळायचा.