बोयांची स्थाननिश्चिती व उपग्रहीय शुद्धिसाधने
बंदराच्या जलमार्गाची सीमा, खडक, उथळ जागा व बुडालेली जहाजे दर्शविणाऱ्या तरंगत्या खुणांना बोये म्हणतात. बोया साखळीने समुद्रतळावरील जड ठोकळ्याला जखडलेला असतो व वारा-प्रवाहांनुसार त्याभोवती मर्यादित वर्तुळात फिरतो. म्हणून बोया बसविताना नकाशातील नेमलेल्या स्थानी ठोकळा अचूक सोडणे, हे देखभाल जहाजाचे मुख्य काम होय. वादळी लाटांनी ठोकळा सरकल्यास बोया नाविकाला खडकाकडे नेऊ शकतो. जागा सोडलेला बोया हा बोया नसण्याहूनही घातक ठरतो.

उपग्रहांपूर्वी नकाशात नोंदलेल्या तीन किनारी खुणांमधील दोन क्षितिजसमांतर कोन सेक्स्टंटने एकाच वेळी मोजून, तीन भुजांच्या कोनमापकाने जहाजाचे स्थान काढीत. मुंबई बंदराच्या परिसरातील खांदेरी (१८६७) व कुलाब्याच्या दक्षिणेचे प्राँग्ज (१८७५) ही दीपगृहे अशा ठळक खुणा होत. पद्धत पुरेशी अचूक होती. परंतु बोये सरकण्याचा धोका ज्या पावसाळ्यात अधिक, त्याच काळात किनाऱ्यावरील खुणा दिसेनाशा होत.

अमेरिकेच्या जागतिक स्थाननिश्चिती प्रणालीचा (जीपीएस) पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडण्यात आला व १९९५ मध्ये ती पूर्ण कार्यक्षम झाली. तथापि नागरी संकेतात हेतुतः मिसळलेल्या दोषामुळे सु. १०० मी.पर्यंत चूक संभवे. अरुंद जलमार्गाच्या कडेचा बोया बसविण्यास ती फार मोठी होती. विभेदी पद्धतीने हा दोष दूर झाला. अक्षांश-रेखांश अचूक माहीत असलेल्या बिंदूवर एक ग्राही ठेवतात. तो प्रत्येक उपग्रहापासूनचे मोजलेले व प्रत्यक्ष अंतर यांतील फरक काढून रेडिओवरून जहाजाला कळवितो. जवळच्या ग्राहींमध्ये दोष जवळजवळ सारखेच असल्याने चूक काही मीटरांपर्यंत उतरते.

कायम केंद्र नसलेल्या भागात सुवाह्य संच वापरता येतो. त्यात तिवईवरील आकाशक, ग्राही, रेडिओ प्रेषक व विद्युत् घटमाला असतात. मात्र आकाशक व ठोकळा सोडण्याची जागा यांतील अंतर जहाजाच्या रोखानुसार हिशोबात घ्यावे लागते. नकाशा एव्हरेस्ट गोलाभावर आधारलेला असल्यास सहनिर्देशकांचे रूपांतरही आवश्यक असते; अन्यथा सूक्ष्म मापनानेही ठोकळा चुकीच्या जागी पडतो.

भारतात दीपगृह अधिनियम, १९२७ च्या जागी सागरी नौकानयन साहाय्य अधिनियम, २०२१ आला. दीपगृह व दीपनौका महासंचालनालयाने किनाऱ्यावर विभेदी केंद्रांची साखळी उभारली. योग्य जलमार्गाचे महत्त्व ७ ऑगस्ट २०१० रोजी प्रकर्षाने जाणवले : ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया-३’ यांची मुंबईनजीक टक्कर होऊन मालपेट्या पाण्यात पडल्या आणि मुंबई व न्हावाशेवा या दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प झाली.

२ मे २००० रोजी हेतुपुरस्सर दोष काढून टाकण्यात आला. पुढे उपग्रहांद्वारेच शुद्धी पुरविणाऱ्या प्रणाली आल्या. भारताची ‘गगन’ ही प्रणाली मुख्यतः विमानांसाठी असली, तरी तिचे संकेत समुद्रावरही मिळतात. जपानने २०१९ मध्ये, अमेरिका व ऑस्ट्रेलियाने २०२० मध्ये आणि ब्रिटनने २०२२ मध्ये किनारी विभेदी केंद्रे बंद केली. साधने बदलली, तरी ज्ञात बिंदूवरून अज्ञात चूक ओळखण्याचे तत्त्व तेच राहिले आहे. आणि ठोकळा खरोखर कोठे आहे, हे वेळोवेळी पडताळण्याचे कर्तव्यही.