लाल जीवाणूतील लाल प्रथिन : सायटोक्रोम सी-२ च्या शोधाची कथा

१/१२
१९५३ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात एका जांभळट-लाल जीवाणूतून एक लहानसे लालसर प्रथिन वेगळे करण्यात आले. तत्कालीन समजुतीनुसार त्या जीवाणूत त्याला काही कामच नव्हते. या प्रथिनामुळे श्वसन आणि प्रकाशसंश्लेषण यांचे जुने नाते उजेडात आले. शोध लावणाऱ्यांपैकी एक शास्त्रज्ञ मात्र त्या वेळी स्वतःच्याच देशात हेर म्हणून बदनाम झालेला होता. त्या प्रथिनाची आणि त्या माणसाची ही कथा.

२/१२
आरंभ १८८४ मध्ये होतो. इंग्लंडमधील वुल्व्हरहॅम्प्टन येथे वैद्यकी करणारे चार्ल्स मॅकमन फावल्या वेळात वर्णपटदर्शकातून प्राण्यांच्या ऊती न्याहाळत असत. त्यांना स्नायूंत रक्तापेक्षा वेगळ्या रंगद्रव्याचे काळे पट्टे दिसले. हे द्रव्य श्वसनाशी संबंधित असावे, असे त्यांनी मांडले. परंतु होप्पे-सायलर या मातब्बर जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ते हिमोग्लोबिनच्या विघटनातून आलेले द्रव्य ठरवले. एका गावातील डॉक्टरापेक्षा प्राध्यापकाचा शब्द वजनदार ठरला आणि विषय मिटला.

३/१२
तो पुन्हा उघडला १९२५ मध्ये. केंब्रिज येथील डेव्हिड केलिन यांना घोड्याच्या पोटात वाढणाऱ्या माशीत, यीस्टमध्ये आणि अनेक जीवाणूंत तेच पट्टे आढळले. यीस्टचे द्रावण हवेत हलवले की पट्टे नाहीसे होत. स्थिर ठेवले की परत येत. केलिन यांनी द्रव्याला ‘सायटोक्रोम’, म्हणजे पेशीतील रंग, असे नाव दिले आणि मॅकमन यांचे श्रेय जाहीरपणे मान्य केले. मॅकमन मात्र १९११ मध्येच निवर्तले होते.

४/१२
सायटोक्रोमचे काम काय? त्याच्या गाभ्यात ‘हीम’ नावाची चकती असते आणि तिच्या मध्यभागी लोहाचा एक अणू. हा अणू एक इलेक्ट्रॉन घेतो आणि पुढच्याला देतो. श्वसनात अन्नातील इलेक्ट्रॉन असे हातोहात सरकत शेवटी ऑक्सिजनपर्यंत पोहोचतात. त्यामुळे जिथे ऑक्सिजनचे श्वसन, तिथे सायटोक्रोम, अशी समजूत रूढ झाली. समजूत निराधार नव्हती. ती अपुरी होती.

५/१२
आता दुसरा धागा. मार्टिन कामेन आणि सॅम्युएल रूबेन यांनी १९४० मध्ये बर्कली येथे कार्बन-१४ शोधला. वनस्पती कार्बनचे काय करतात, हे जाणून घेण्याची ओढ त्यामागे होती. १९४३ मध्ये रूबेन प्रयोगशाळेतील विषारी वायूच्या अपघातात मरण पावले. १९४४ मध्ये कामेन सॅन फ्रान्सिस्कोतील सोव्हिएत वकिलातीच्या अधिकाऱ्यांसोबत एकदा जेवायला गेले. पाळतीवरील माणसांनी ते टिपले आणि कामेन यांची नोकरी गेली.

६/१२
काही काळ त्यांनी जहाजबांधणीच्या गोदीत काम केले. १९४५ मध्ये सेंट लुईसला आसरा मिळाला. तरी ससेमिरा सुटला नाही : १९४८ मध्ये संसदीय समितीपुढे चौकशी झाली, पारपत्र नाकारले गेले, वृत्तपत्रांत हेर म्हणून नाव आले. याच वर्षांत ते ‘ऱ्होडोस्पिरिलम रुब्रम’ या जीवाणूकडे वळले. १९४९ मध्ये हॉवर्ड गेस्ट यांच्यासह त्यांनी दाखवले की हा जीवाणू प्रकाशात हायड्रोजन सोडतो आणि हवेतील नायट्रोजनही बांधून ठेवतो.

७/१२
हा जीवाणू प्रकाशावर जगतो. पण वनस्पतींप्रमाणे ऑक्सिजन सोडत नाही. प्रकाशात तो ऑक्सिजनविनाच वाढतो. अशा पेशींत श्वसनाच्या सायटोक्रोमचे प्रयोजन काय? तरीही सिडनी एल्स्डेन, कामेन आणि लिओ व्हर्नन यांना तिथे ते सापडले. पुढे त्याला ‘सायटोक्रोम सी-२’ हे नाव रूढ झाले. कामेन आणि व्हर्नन यांनी १९५४ मध्ये ऑक्सिजन मुळीच न सोसणाऱ्या प्रकाशसंश्लेषी जीवाणूतही हीमयुक्त द्रव्ये दाखवली. आता ‘चुकून राहिलेला अवशेष’ म्हणून हात झटकणे कठीण होते.

८/१२
केंब्रिज येथे रॉबिन हिल यांनाही याच सुमारास हिरव्या पानांत सायटोक्रोम आढळले होते. पण आढळणे निराळे आणि काम करताना दिसणे निराळे. तो पुरावा १९५४ मध्ये डच शास्त्रज्ञ लुई डायझेन्स यांनी दिला. त्यांनी जिवंत ऱ्होडोस्पिरिलमवर प्रकाश टाकला. सायटोक्रोमने इलेक्ट्रॉन गमावल्याची खूण वर्णपटात उमटली. प्रकाश बंद करताच ती पुसली गेली. त्याच वर्षी अल्बर्ट फ्रेंकेल यांनी या जीवाणूच्या पटलांत प्रकाशाच्या बळावर एटीपी तयार होताना दाखवले.

९/१२
ही यंत्रणा आपल्याकडील रहाटगाडग्यासारखी आहे. प्रकाश जीवाणूतील हरितद्रव्याच्या एका जोडीतून इलेक्ट्रॉन उचलतो. तो क्विनोनमार्फत पटलातील एका मोठ्या प्रथिनसंकुलाकडे जातो. तिथे त्याच्या ऊर्जेवर प्रोटॉन पटलापलीकडे ढकलले जातात आणि त्या दाबावर एटीपी घडते. उरला प्रश्न रिकाम्या झालेल्या जोडीचा. सायटोक्रोम सी-२ संकुलाकडून इलेक्ट्रॉन घेतो आणि जोडीला आणून देतो. भरलेला पोहरा जातो, रिकामा परततो. फेरा पूर्ण होतो, म्हणूनच ऑक्सिजन लागत नाही.

१०/१२
१९७३ मध्ये सॅन दिएगो येथे या प्रथिनाची त्रिमितीय रचना उलगडली. त्याच्या साखळीत ११२ अमिनो आम्ले आहेत. घोड्याच्या सायटोक्रोम सी मध्ये १०४. तरीही हीमभोवतीची घडी एकाच घराण्यातील. एक प्रथिन प्रकाशावर जगणाऱ्या जीवाणूचे, दुसरे धावणाऱ्या प्राण्याच्या हृदयाचे. आपल्या पेशींतील तंतुकणिका ज्या जीवाणूगटातून आल्या, त्याच गटात हे जांभळे जीवाणूही मोडतात. हे साम्य योगायोगाचे नाही.

११/१२
कामेन यांचे काय झाले? १९५५ मध्ये त्यांनी ‘शिकागो ट्रिब्यून’विरुद्धचा बदनामीचा दावा जिंकला. त्याच वर्षी, दीर्घ लढ्यानंतर, पारपत्रही मिळाले. पुढे अमेरिकी सरकारने त्यांना १९९५ चा एन्रिको फर्मी पुरस्कार दिला. ज्या राष्ट्राने एका जेवणावरून त्यांना संशयित ठरवले, त्याच राष्ट्राचा हा सन्मान. २००२ मध्ये त्यांचे निधन झाले.

१२/१२
या कथेत दोनदा एकच चूक घडली. मॅकमन यांचे पट्टे कोणी पाहिले, यावरून तोलले गेले. सायटोक्रोम कुठे सापडते, यावरून त्याचे काम ठरवले गेले. कामेन यांच्या बाबतीत तिसऱ्यांदा तेच झाले : कोणाबरोबर जेवले, यावरून निष्ठा ठरली. मॅकमन यांना न्याय मिळाला तो मरणानंतर. कामेन यांना तो हयातीत मिळाला, पण ऐन उमेदीची दहा वर्षे गेल्यावर. त्याच दहा वर्षांत त्यांनी हे लाल प्रथिन जगापुढे ठेवले, हे विसरता कामा नये.