माधवराव सप्रे आणि कलम सहासष्ट-अ

आपल्याकडे भाषणस्वातंत्र्याचा विषय निघाला की लोकमान्यांचा खटला ठरलेला. ते योग्यच आहे. पण मंडाले आपल्यापासून फार दूर आणि नागपूर हाकेच्या अंतरावर. म्हणून मी आधी माधवराव सप्र्यांविषयी लिहितो.

माधवराव १८७१ साली दमोह जिल्ह्यातल्या पथरिया गावी जन्मले. घर मराठी, शिक्षण बिलासपूर-रायपूरकडचे, लेखन हिंदीत. म्हणजे सावरगाव-सौंसरच्या कुठल्याही घरात शोभेल असा दोन भाषांत वाढलेला माणूस. १९०० साली पेंड्र्याहून त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढले. पुढे टिळकांच्या ‘केसरी’तले विचार हिंदी वाचकांपर्यंत न्यावेत म्हणून १३ एप्रिल १९०७ रोजी नागपुरातून ‘हिंदी केसरी’ सुरू केला. नागपूर तेव्हा मध्यप्रांताची राजधानी. छिंदवाडा जिल्ह्याचा कारभारही तिथूनच चाले. एका भाषेतला विस्तव दुसऱ्या भाषेत नेणारा माणूस सरकारला मूळ लेखकाहून कमी धोक्याचा वाटत नसावा.

जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ऑगस्टमध्ये सप्र्यांना अटक. कलम तेच, १२४-अ, राजद्रोहाचे. घरच्यांचे दडपण आले, आणि नोव्हेंबरमध्ये सप्रे माफीनामा लिहून देऊन सुटले. त्यांच्या चरित्रातले हे पान पुष्कळ जण घाईने उलटतात. मला मात्र तिथे थांबावेसे वाटते. टिळकांसारखी छाती सर्वांना नसते आणि कायद्याला ते पक्के ठाऊक असते. शंभरांतल्या एकाला मंडालेला पाठवायचे, उरलेल्या नव्याण्णवांनी आपापल्या घरी स्वतःच शाई वाळू द्यायची. सप्रे सार्वजनिक जीवनातून बराच काळ बाजूला झाले. पुढे त्यांनी ‘दासबोध’ हिंदीत आणला आणि टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले ‘गीतारहस्य’ही. माफी लिहून दिलेल्या माणसाच्या हाती टिळकांनी आपला ग्रंथ सोपवला, ही गोष्ट मला त्या माफीपेक्षा मोठी वाटते.

आता शब्दांकडे येऊ, कारण सगळी मेख शब्दांत आहे. १८९७ च्या टिळकांवरील पहिल्या राजद्रोह खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ‘अप्रीती’ म्हणजे प्रीतीचा अभाव, असा अर्थ ज्यूरीला समजावून सांगितला होता. म्हणजे सरकारवर प्रेम नसणे हाच गुन्हा! अशा सैल शब्दाची सोय अशी की तो कुणालाही बसतो.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सामान्यांसाठी खुले केले, तेव्हा अनेकांना वाटले की आता छापखाना ज्याच्या त्याच्या घरी आला. जामीन नाही, जप्ती नाही. तेरा वर्षांत संसदेने माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ६६-अ घातले आणि २००९ मध्ये ते लागू झाले. संगणकावरून वा मोबाइलवरून अतिशय आक्षेपार्ह मजकूर पाठवला, किंवा खोटे आहे हे ठाऊक असून कुणाला त्रास व्हावा, गैरसोय व्हावी म्हणून काही पाठवले, तर तीन वर्षांपर्यंत कैद. ‘अप्रीती’चे हे धाकटे भावंड.

त्याची पाळी पालघरला आली. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदविषयी एका तरुणीने फेसबुकवर मत लिहिले. तिच्या मैत्रिणीने त्याला नुसती पसंती दर्शवली. दोघींना अटक झाली. जमावाने एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड केली. पुढे पोलीस अधिकारी निलंबित झाले आणि खटला बारगळला. पण या प्रकाराने अस्वस्थ झालेली कायद्याची विद्यार्थिनी श्रेया सिंघल सर्वोच्च न्यायालयात गेली. २४ मार्च २०१५ रोजी न्यायमूर्ती चेलमेश्वर व नरिमन यांनी कलम ६६-अ घटनाबाह्य ठरवून रद्द केले. एखाद्या मताची चर्चा करणे, त्याचा पुरस्कार करणे आणि लोकांना चिथावणे या तीन गोष्टी निकालाने वेगळ्या केल्या. बंधन घालायचे तर तिसरीवर.

गंमत पाहा, कलम मेले तरी ठाण्यांतल्या नोंदवह्यांत ते जिवंतच राहिले. २०२१ मध्ये खुद्द सर्वोच्च न्यायालयाने त्यावर आश्चर्य व्यक्त केले, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ६६-अ खाली कुणावरही खटला चालवू नये असा स्पष्ट आदेश द्यावा लागला. कायदा रद्द होतो तो राजधानीत. ठाणेदाराच्या टेबलापर्यंत ती बातमी बैलगाडीने येते. शिवाय २०१५ च्याच निकालाने कलम ६९-अ मात्र कायम ठेवले. त्याखाली सरकार इंटरनेटवरचा मजकूर बंद करू शकते, आणि त्या कामकाजाला गुप्ततेचा नियम आहे. सप्र्यांना निदान कुठल्या कलमाखाली पकडले हे माहीत होते.

नागपूरने पुढे हिशेब थोडा चुकता केला म्हणायचे. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावच्या एका व्हॉट्सॲप गटात एका सदस्याने महिला सदस्याला अर्वाच्य लिहिले, आणि गुन्हा गटाच्या ॲडमिनवरही नोंदला गेला. मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो रद्द केला: समान हेतू किंवा पूर्वनियोजित कट नसेल, तर सदस्याच्या लिहिण्याला ॲडमिन जबाबदार धरता येत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये, सरकारी कामकाजाबद्दलचा मजकूर खोटा आहे की नाही हे सरकारच्याच तथ्य-तपासणी कक्षाने ठरवण्याचा नियम मुंबई उच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला. दोन न्यायाधीशांत मतभेद झाल्यावर तिसरे मत देणारे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर हे नागपुरात वकिली केलेले.

१९५६ नंतर आपले उच्च न्यायालय जबलपूरला गेले. नागपूर खंडपीठाचा निकाल आपल्याकडे दाखला म्हणून वाचता येतो, बंधनकारक नाही. वरुडच्या ॲडमिनला जे कवच आहे, ते पांढुर्ण्याच्या ॲडमिनला वकिलाने मांडून मिळवावे लागेल. एकाच सोयऱ्याधायऱ्यांच्या गटात दोन्हीकडची माणसे असतात, हे सांगायला नको.

तेव्हा आमच्या गटात काय होते? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पळसाचे झाड रोवले जाते आणि दोन्ही काठांवरून दगड सुटतात. त्या गोटमारीत माणसे मेली आहेत. ती बंद व्हावी की राहावी, यावर दोन्ही भाषांत कडाक्याचे वाद होतात. आमचे ॲडमिन त्या आठवड्यात ‘फक्त ॲडमिन’ ही कळ फिरवून ठेवतात. पोलिसांनी सांगितलेले नसते, कुणी नोटीस दिलेली नसते. सात दिवस गटात फक्त शुभेच्छांची चित्रे पडतात, आणि वाद पानठेल्यावर उभ्याउभ्या होतो.