वरळीचा बेत

भाचेमंडळी मे महिन्यात कात्रपला येणार, म्हणून वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राचा बेत चालू आहे. घरात सगळे त्याला 'सायन्स म्युझियम' म्हणतात. म्हणोत बापडे. पण म्युझियम म्हटलं की मोठ्यांच्या तोंडून आपोआप निघतं, "हात लावू नकोस रे!" आणि इथे हात लावला नाही तर तिकिटाचे पैसे वायाच.

गंमत म्हणजे हे आधी खरोखरच संग्रहालय व्हायचं होतं. साठच्या दशकाच्या अखेरीस कल्पना होती ती विज्ञान-तंत्रज्ञान संग्रहालयाची. त्याच सुमारास, १९६९ साली, फ्रँक ओपेनहायमर यांनी सॅन फ्रान्सिस्कोत 'एक्स्प्लोरेटोरियम' उघडलं. अणुबॉम्बवाल्या रॉबर्टचे हे धाकटे भाऊ. तेही भौतिकशास्त्रज्ञच, पण पूर्वी कम्युनिस्ट पक्षात होते म्हणून १९४९ मध्ये विद्यापीठातली नोकरी गेली. मग कोलोरॅडोत गुरं पाळली, तिथल्याच शाळेत विज्ञान शिकवलं. मला वाटतं, काचेच्या कपाटांचा कंटाळा त्यांना त्या वर्गातच आला असावा. असो. पुढे जगभर 'करून बघा' पद्धतीची केंद्रं निघू लागली आणि मुंबईचाही विचार बदलला.

वरळीला १९७७ मध्ये प्रकाश आणि दृष्टी या विषयावरचं प्रदर्शन झालं. १९७९ हे आंतरराष्ट्रीय बालवर्ष, तेव्हा उघड्यावरची विज्ञान बाग आली. मोठी इमारत मात्र ११ नोव्हेंबर १९८५ रोजी, राजीव गांधींच्या हस्ते. वास्तुकार अच्युत कानविंदे, म्हणजे आपल्या आचऱ्याचे! थोडक्यात, इमारतीच्या सहा वर्षं आधी मुलं बागेत खेळून गेली होती.

आमचा क्रमही तोच ठेवलाय. बदलापूरहून सकाळची फास्ट लोकल, दादरला पश्चिमेला उतरून मेट्रो ३. ती ऑक्टोबर २०२५ पासून थेट सायन्स सेंटर स्थानकापर्यंत जाते, त्यामुळे महालक्ष्मीहून चालत जाणं वाचलं. ऊन चढायच्या आत बाग, मग आतली दालनं. ताईचं म्हणणं, जवळचं तारांगणही त्याच दिवशी उरकावं. ती संस्था वेगळी, तिकीट वेगळं. मी ठाम नकार दिलाय. उरकायचंच असेल तर घरी बसून फोटो बघावेत.

खरा वाद वेगळाच आहे. मोठा भाचा दहावीत जाईल. लोलकाचं सूत्र त्याला झोपेतही म्हणता येतं, पण दोरी लांब केली तर लोलक सावकाश हलतो हे त्याने कधी पाहिलेलं नाही. विचारलं तर म्हणाला, "हे परीक्षेत येत नाही मामा." ताईला वाटतं, मी सोबत फिरून प्रत्येक गोष्ट नीट समजावून सांगावी.

मी बागेतल्या बाकावर बसणार आहे. डबे माझ्याकडे असतील, भूक लागली की येतील.