ओव्हलचे फुटबॉली दिवस

लंडनचे केनिंग्टन ओव्हल म्हटले की मराठी वाचकाला १९७१ आठवते: वाडेकरांचा संघ, चंद्रशेखरचे ३८ धावांत ६ बळी. पण १८४५ मध्ये भाजीमळ्याच्या जागी घडवलेले हे मैदान सुरुवातीची काही दशके निव्वळ क्रिकेटचे नव्हतेच. १८७२ च्या फेब्रुवारीत येथे इंग्लंड-स्कॉटलंड रग्बी सामना झाला, मार्चमध्ये एफए चषकाचा पहिला अंतिम सामना. इंग्लंडमधली पहिली कसोटी मात्र १८८० ची. फुटबॉल हा हिवाळ्यापुरता पोटभाडेकरू होता, असे कोणी म्हणेल. मग चार्ल्स अल्कॉक या गृहस्थाचे काय करायचे? फुटबॉल संघटनेचे सचिवपद सांभाळत असतानाच १८७२ पासून ते ओव्हल सांभाळणाऱ्या सरे क्रिकेट क्लबचेही सचिव होते आणि १८८० ची कसोटीही त्यांनीच जुळवली. दोन्ही खेळ एकाच टेबलावरून चालत. हिरवळ तुडवली जाते, ही तक्रार खोटी नव्हती. तरीही अॅशेसला जन्म देणारी १८८२ ची कसोटी याच तुडवलेल्या मैदानावर रंगली. वाढत्या गर्दीपुढे अखेर सरेने हात आखडता घेतला आणि १८९२ नंतर एफए चषकाचा अंतिम सामना मँचेस्टरच्या फॅलोफील्डला गेला.